अमेरिकेत गाडी ‘टोटल’ झाली आणि विमा कंपनीचा आकडा पटत नाही, तेव्हा

भारतात गाडीच्या पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे गाडीची ठरवलेली किंमत, छापलेली असते. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, की त्या छापील रकमेवर बोलणं सुरू होतं. भांडणं तिथेही होतात, पण मूळ आकडा विमा घेतानाच ठरून गेलेला असतो.

अमेरिकेत गाडी ‘टोटल’ झाली, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही असं ठरलं, तरी नेहमीच्या पॉलिसीत तिची किंमत कुठेच सापडत नाही. अपघात होण्याच्या क्षणापर्यंत बाजारात तुमच्या गाडीला जो भाव होता तो आम्ही देऊ, एवढंच कंपनी कबूल करते. याला ‘अ‍ॅक्चुअल कॅश व्हॅल्यू’ म्हणतात, बोलताना नुसतं एसीव्ही. हा भाव गाडी गेल्यावर शोधला जातो आणि शोधणारा तोच, ज्याच्या खिशातून पैसे जायचे आहेत. तेव्हा अ‍ॅडजस्टर (क्लेम पाहणारा कंपनीचा माणूस) फोनवर जो पहिला आकडा सांगतो, तो एका बाजूने मांडलेला हिशेब असतो. तो मागून घ्यायचा आणि तपासायचा हक्क तुम्हाला आहे.

नवीन आलेली आपली मंडळी इथे हमखास अडतात. एवढी मोठी कंपनी, सॉफ्टवेअरमधून आलेली किंमत, त्यात भाड्याची गाडी दोन दिवसांत परत करायची. मग ‘जाऊ दे’ म्हणून होकार दिला जातो. काही जण उलट फोनवर आवाज चढवतात. दोन्हीने काही हाती लागत नाही. एकूण रकमेवर वाद घालू नका, ज्या रिपोर्टवरून ती रक्कम काढली त्यातल्या एकेका ओळीवर घाला. ‘मला तीन हजार कमी मिळाले’ यावर अ‍ॅडजस्टरला काही करता येत नाही. ‘पान ४ वर तुलनेला घेतलेली पहिली गाडी वेगळ्या ट्रिमची (त्याच मॉडेलच्या वेगळ्या प्रकारची) आहे’ म्हटलं की त्याला दुरुस्ती करावीच लागते.

पैसे नक्की कोणाकडून घ्यायचे?

चूक समोरच्याची असेल तर दोन वाटा असतात. एक, त्याच्या विमा कंपनीकडे क्लेम करायचा. दोन, स्वतःच्या पॉलिसीत ‘कोलिजन’ (टकरीत झालेलं आपल्या गाडीचं नुकसान भरणारं कव्हर) असेल तर आपल्याच कंपनीकडून पैसे घ्यायचे आणि समोरच्याकडून वसुली करायचं काम तिच्यावर सोडायचं.

आपल्या कंपनीकडे गेलात तर डिडक्टिबल (आपण स्वतः सोसायची ठरलेली रक्कम) कापलं जातं, साधारण ५०० किंवा १,००० डॉलर. पुढे वसुली झाली की ते बहुतेक वेळा परत मिळतं. पण या वाटेचा फायदा मोठा आहे: तिच्याशी तुमचा करार आहे. करारातली कलमं आणि राज्याचे क्लेमविषयक नियम यांवर बोट ठेवता येतं. समोरच्याच्या कंपनीशी तुमचं कसलंच नातं नसतं. तिथे डिडक्टिबल कापलं जात नाही आणि गाडीविना गेलेल्या दिवसांचं भाडंही मागता येतं, पण ती अडूनच बसली तर तुम्हाला शेवटी चूक करणाऱ्या ड्रायव्हरवर दावा लावावा लागतो.

मला विचाराल तर: कोलिजन आहे आणि समोरची कंपनी आठवडाभर नुसती ‘चौकशी चालू आहे’ म्हणते, तर आपल्या कंपनीकडे वळावं. डिडक्टिबलचे पैसे काही दिवस अडकतील, गाडीचे महिनाभर अडकणार नाहीत.

गाडी ‘टोटल’ ठरते ती राज्याच्या नियमाने. टेक्सासात दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या १०० टक्के झाला की, न्यूयॉर्कमध्ये ७५ टक्के झाला की. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात टक्केवारी नाही. दुरुस्तीचा खर्च आणि भंगारात येणारी किंमत मिळून गाडीच्या भावापेक्षा जास्त झाली की गाडी टोटल. ती टोटल व्हावी की नाही, या वादात सहसा पडू नये. वाद किमतीचा आहे.

अपघातानंतरचे पहिले काही दिवस

गाडी टो यार्डात किंवा बॉडी शॉपमध्ये उभी असते आणि तिथे रोजचं भाडं चढत असतं. कंपनी म्हणते, आम्ही ती आमच्या यार्डात फुकट हलवतो. हलवू द्या. त्याने तुम्ही किंमत कबूल केली असं होत नाही. मनात शंका असेल तर एका ओळीचा ईमेल टाका: गाडी हलवायला हरकत नाही, रक्कम अजून मान्य केलेली नाही.

पण ती हलण्याआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन या. सामान काढायचंच असतं. ट्रंकमधली मुलांची कार सीट, काचेवरचा टोलचा ई-झेडपास टॅग, डॅशकॅम, गॅरेजचा रिमोट. त्याच फेरीत फोटो काढा. चेपलेली बाजू कंपनी काढतेच; तुम्ही न चेपलेली बाजू काढायची. ड्रायव्हरची सीट, मागची सीट, कार्पेट, छताचं कापड, डॅशबोर्ड, चारही टायरच्या खाचा, चालू होत असेल तर ओडोमीटर. गाडी आतून स्वच्छ, न फाटलेली, न डागाळलेली होती हे सिद्ध करणारा पुरावा आठवड्याभरात लिलावाच्या मैदानात जाऊन बसतो, आणि रिपोर्टमधली एक मोठी वजावट नेमकी त्यावरच असते.

घरी आल्यावर कागद जमवा. गाडी घेतानाचं बिल, शक्य असेल तर खिडकीवरचा मूळ स्टिकर. अमेरिकेत १९५८च्या कायद्याने नव्या गाडीच्या काचेवर ट्रिम, पॅकेजेस आणि किंमत लिहिलेला कागद लावावाच लागतो. तो फेकून दिला असेल तर डीलरकडे व्हीआयएन नंबर (गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) देऊन गाडीची मूळ रचना काढून घ्या. गेल्या वर्षा-दीड वर्षातली टायर, बॅटरी, ब्रेक आणि मोठ्या दुरुस्त्यांची बिलं. ऑइल चेंजच्या पावत्यांना कोणी पैसे देत नाही, पण गाडी नीट सांभाळली होती हे त्यातून दिसतं, म्हणून जोडायच्या.

रिपोर्ट मागून घ्या

अ‍ॅडजस्टर फोनवर आकडा सांगेल आणि विचारेल, ‘चालेल ना?’ उत्तर: ‘आधी पूर्ण व्हॅल्युएशन रिपोर्ट ईमेल करा, बघून सांगतो.’ पूर्ण म्हणजे सगळी पानं. नुसता सारांश नव्हे. बहुतेक कंपन्या किंमत स्वतः काढत नाहीत. सीसीसी, मिचेल किंवा ऑडाटेक्स यांपैकी एकाच्या सॉफ्टवेअरमधून पंधरा-वीस पानी रिपोर्ट येतो आणि अ‍ॅडजस्टर त्यातला शेवटचा आकडा वाचून दाखवतो. त्याने स्वतः तो रिपोर्ट ओळीने वाचलेला असतोच असं नाही. तो काही तुमचा शत्रू नाही. त्याच्या टेबलावर अशा शंभर फायली आहेत, आणि फाइल पुन्हा उघडायला त्याला वरच्यांना दाखवण्याजोगं कारण हवं असतं. ते आपण द्यायचं.

रिपोर्ट वाचायचा कसा

इथे घाई करू नका. संध्याकाळी चहा घेऊन, कागदावर छापून, पेन हातात धरून बसा.

समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या एका घरची २०१९ची होंडा सीआर-व्ही, ट्रिम ईएक्स-एल, ऑल-व्हील ड्राइव्ह, ५८,००० मैल चाललेली. रिपोर्टचा गाभा म्हणजे ‘कॉम्पॅरेबल’ गाड्या, म्हणजे तशाच दुसऱ्या गाड्यांच्या जाहिराती. बोलताना ‘कॉम्प’. तीन कॉम्प दिलेत:

पहिली, जाहिरातीतली किंमत २१,५०० डॉलर. त्यातून ‘अंदाजित विक्री’ म्हणून ९०० वजा, तिचे मैल तुमच्या गाडीपेक्षा जास्त म्हणून ३०० अधिक. झाले २०,९००.

दुसरी, २२,४००. विक्रीचे ९५० वजा, मैल कमी म्हणून १५० वजा. झाले २१,३००.

तिसरी, २०,६००. विक्रीचे ८५० वजा, मैलांचे ४५० अधिक. झाले २०,२००.

सरासरी २०,८००. मग तुमच्या गाडीच्या अवस्थेबद्दल ९०० वजा. पायाभूत किंमत १९,९००. त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स, १,३१८ डॉलर. डिडक्टिबल ५०० वजा. हातात २०,७१८.

आता एकेक ओळ.

सगळ्यात आधी स्वतःची गाडी तपासा. पहिल्या पानावर ट्रिम, इंजिन, ड्राइव्ह, मैल आणि ऑप्शनची यादी असते. सीआर-व्हीमध्ये एलएक्स, ईएक्स, ईएक्स-एल, टूरिंग असे चढते प्रकार आहेत. ईएक्स-एलमध्ये लेदर सीट आणि आपोआप उघडणारं मागचं दार येतं, ईएक्समध्ये नाही. एका अक्षराच्या फरकात हजारभर डॉलर असतात. मैलही बघा. ओडोमीटर वाचता आलं नाही तर कधी कधी अंदाजाने आकडा भरतात. तुमच्याकडे शेवटच्या सर्व्हिसचं बिल असेल तर त्यावर खरा आकडा आणि तारीख असते.

मग कॉम्प. प्रत्येक कॉम्पखाली डीलरचं नाव, गाव, स्टॉक नंबर आणि बहुधा व्हीआयएन असतो. तो व्हीआयएन इंटरनेटवर टाकून बघा. आपल्या उदाहरणात पहिली गाडी ईएक्स निघते, ईएक्स-एल नव्हे, आणि त्या फरकाची भर रिपोर्टने घातलेलीच नाही. तिसरी पेनसिल्वेनियात १४० मैलांवर. अपघातग्रस्त इतिहास असलेली, भाड्याच्या ताफ्यातून आलेली किंवा सॅल्व्हेज टायटलची (मालकीच्या कागदावर ‘टोटल झालेली’ अशी नोंद असलेली) गाडीही कॉम्प म्हणून घुसलेली सापडू शकते. डीलरला फोन करून ‘ही गाडी खरंच या किमतीला होती का, हिचा अपघात झाला होता का’ असं विचारायला काही लागत नाही. विकली गेली असली तरी सेल्समन सांगतो.

मग ती ‘अंदाजित विक्री’ची वजावट. युक्तिवाद असा की जाहिरातीतल्या किमतीला गाडी कोणी घेत नाही, घासाघीस होतेच, म्हणून आधीच कापा. या वजावटीवरून अमेरिकेत बरेच खटले चालले आहेत, आणि गंमत अशी की आता अनेक मोठे डीलर एकच किंमत लावतात आणि एक डॉलरही खाली येत नाहीत. कारमॅक्स आणि कारव्हाना उघडपणे ‘घासाघीस नाही’ म्हणूनच गाड्या विकतात. तुमच्या कॉम्पपैकी एखादी अशा विक्रेत्याची असेल तर ती वजावट टिकायला नको. असं लिहून विचारा: या विशिष्ट गाडीवर ९०० डॉलर कमी झाले हे कशावरून?

आणि अवस्थेची वजावट. ही मला सगळ्यात पोकळ वाटते. सीट, कार्पेट, रंग, काच, टायर अशा प्रत्येक भागाला दर्जा दिलेला असतो. सीसीसीच्या रिपोर्टमध्ये तर कधी कधी कॉम्प गाड्या ‘डीलरच्या तयारीच्या’ धरून आधी त्यांचीच किंमत उतरवलेली असते. तुमच्या गाडीला ‘साधारण’ दर्जा कोणी दिला, कधी पाहिलं? ज्याने टो यार्डात, फुटलेल्या काचांचा खच पडलेल्या सीटवर एक नजर टाकली त्याने. इथे तुम्ही काढलेले फोटो कामाला येतात. सीटवर काचा आहेत, पण लेदर फाटलेलं नाही. टायर चार महिन्यांपूर्वीचे, हे बिल.

कॅलिफोर्नियाच्या विमा नियमांत याबद्दल छान भाषा आहे: वजावट दिसण्याजोगी, मोजण्याजोगी, कलमवार मांडलेली आणि रकमेने रास्त असली पाहिजे. तुम्ही तिथे राहत असाल तर हे वाक्य थेट वापरा. दुसऱ्या राज्यात असाल तरी प्रश्न हाच विचारा.

शेवटी टॅक्स आणि फी. न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात सेल्स टॅक्स द्यावाच लागतो. इलिनॉयमध्ये तुम्ही ३० दिवसांत दुसरी गाडी घेतल्याचं दाखवलं तर मिळतो, आणि हे ठाऊक नसल्याने तो राहून जातो. टायटल आणि रजिस्ट्रेशनच्या फीबद्दलही विचारा.

आपल्या गाड्या शोधणं

चुका दाखवल्या की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे तुमचे स्वतःचे कॉम्प. कार्स डॉट कॉम, ऑटोट्रेडर, कारगुरूज, कारमॅक्स इथे शोधा. निकष कडक ठेवा: तेच साल, तीच ट्रिम, तोच ड्राइव्ह, मैल दहा-पंधरा हजारांच्या आत-बाहेर, घरापासून शक्यतो ५०-७५ मैलांत, डीलरकडची, स्वच्छ टायटलची. चार-पाच पुरेत. त्यांत सगळ्यात महागडी तेवढी निवडू नका. अ‍ॅडजस्टरला ते लगेच कळतं आणि मग तो बाकीच्याही बाजूला ठेवतो. ‘सर्टिफाइड’ गाड्या टाळा, त्यांच्या किमतीत वॉरंटीचे पैसे असतात. शेजाऱ्याने फेसबुक मार्केटप्लेसवर टाकलेली गाडीही उपयोगाची नाही.

जाहिरात सापडली की लगेच पूर्ण पान पीडीएफ करून ठेवा, तारखेसकट. नुसती लिंक पाठवलीत तर अ‍ॅडजस्टर उघडेपर्यंत गाडी विकली जाते आणि पान कोरं येतं.

केली ब्लू बुक या गाड्यांच्या अंदाजे किमती सांगणाऱ्या साइटवरून छापलेला कागद बहुतेक जण आधी काढतात. ठेवा, पण त्यावर विसंबू नका. कंपनी म्हणणार, हा अंदाज आहे, प्रत्यक्ष गाडी नव्हे. आणि खरंच तसं आहे. आज विकायला असलेली गाडी हा त्यापेक्षा भक्कम पुरावा.

लिहायचं काय

फोनवर वाद घालू नका, ईमेल करा. फोन झालाच तर नंतर ‘आपलं असं बोलणं झालं’ म्हणून चार ओळी टाकून द्या. ईमेल इंग्रजीतच जाणार. त्याचा मजकूर साधारण असा उतरतो:

‘क्लेम नंबर अमुक. तुमचा रिपोर्ट मिळाला. १९,९०० ही किंमत मला मान्य नाही. कारणं: एक, कॉम्प १ ची ट्रिम ईएक्स आहे, माझी ईएक्स-एल, व्हीआयएनचा तपशील जोडला आहे. ती दुरुस्त करावी किंवा काढावी. दोन, कॉम्प ३ १४० मैलांवरची आहे. २५ मैलांतली ईएक्स-एल जोडली आहे. तीन, अवस्थेची ९०० ची वजावट कशावर आधारली आहे ते कलमवार द्यावं. अपघातानंतरचे आतले फोटो आणि टायरचं बिल जोडलं आहे. चार, विक्रीच्या अंदाजाची वजावट प्रत्येक कॉम्पसाठी कशी काढली ते कळवावं. जोडलेल्या पाच गाड्यांची सरासरी अमुक येते. रिपोर्ट पुन्हा चालवून पाठवावा. दरम्यान ज्या रकमेवर वाद नाही ती देता येईल का आणि भाड्याची गाडी हा निकाल लागेपर्यंत चालू ठेवाल का, हेही कळवावं.’

नम्र, कोरडं, मोजकं. दुःख, मुलांची शाळा, वीस वर्षांचा क्लेम नसलेला इतिहास यातलं काही नको. ते सगळं खरं असतं, पण सॉफ्टवेअरमध्ये त्याला रकाना नाही.

एक आकडाही सुचवा. पण फुगवलेला नको. आपल्या उदाहरणात ट्रिमचा फरक १,२०० धरला तर तीन कॉम्पच्या सरासरीत ४०० वाढतात. अवस्थेची वजावट ९०० वरून ३०० वर आली तर आणखी ६००. विक्रीची वजावट पूर्ण काढली तर आणखी ९००. म्हणजे मागणी २१,८००. प्रत्यक्षात ट्रिम आणि अवस्था हे दोन मुद्दे पटकन मान्य होतात आणि विक्रीच्या वजावटीवर कंपनी पाय रोवून उभी राहते. तरीही किंमत २०,९०० झाली, आणि वाढलेल्या हजारावर टॅक्सचे ६६ डॉलर वेगळे. दोन संध्याकाळच्या कामाला हे वाईट नाही.

तरीही नाहीच म्हणाले तर

आधी सुपरवायझर मागा. पुष्कळदा दुसरा अ‍ॅडजस्टर तोच कागद बघून वेगळं बोलतो.

मग पॉलिसी उघडा आणि ‘अप्रेझल’ हे कलम शोधा. ते असेल तर तुम्ही एक अप्रेझर नेमायचा, कंपनी एक नेमते, दोघांचं जुळलं नाही तर ते तिसरा पंच निवडतात, आणि तिघांपैकी दोघे ज्यावर सही करतील ती किंमत बांधील. आपल्या अप्रेझरचे पैसे आपण द्यायचे, पंचाचे निम्मे. अप्रेझरची फी काहीशे डॉलर असते, त्यामुळे फरक हजाराच्या आत असेल तर या फंदात पडू नये. दीड-दोन हजारांच्या वर असेल तर विचार करावा. हल्ली काही कंपन्यांनी हे कलम पॉलिसीतून काढून टाकलं आहे, म्हणून आधी वाचा. आणि हे फक्त तुमच्या स्वतःच्या कंपनीशी. समोरच्याच्या पॉलिसीतलं कलम तुमच्या कामाचं नाही.

कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये आणखी एक दार आहे आणि ते फार कमी लोकांना ठाऊक असतं. पैसे मिळाल्यापासून ३५ दिवसांच्या आत तुम्ही कळवलंत की एवढ्या रकमेत तशी गाडी मिळत नाही, तर कंपनीला फाइल पुन्हा उघडावी लागते. म्हणजे चेक घेतला म्हणून सगळं संपलं असं तिथे नसतं. शोधलेल्या गाड्यांच्या त्या पीडीएफ इथे पुन्हा उपयोगी पडतात.

राज्याच्या विमा खात्याकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते: न्यू जर्सीत बँकिंग अँड इन्शुरन्स खातं, न्यूयॉर्कमध्ये फायनान्शियल सर्व्हिसेस खातं, कॅलिफोर्निया आणि टेक्सासात त्यांचं त्यांचं इन्शुरन्स खातं. गाडी किती डॉलरची हे खातं ठरवून देत नाही. पण कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर लिहिणारा माणूस तुमच्या अ‍ॅडजस्टरपेक्षा वरचा असतो. व्हिसावर असलेल्यांनी याला बिचकायचं कारण नाही. ही ग्राहकाची तक्रार आहे, तुमच्या इमिग्रेशनशी तिचा संबंध नाही.

शेवटची पायरी स्मॉल क्लेम्स कोर्ट. कॅलिफोर्नियात १२,५०० डॉलरपर्यंत, टेक्सासच्या जस्टिस कोर्टात २०,००० पर्यंत, न्यू जर्सीत स्मॉल क्लेम्समध्ये ५,००० पर्यंत. दावा गाडीच्या पूर्ण किमतीचा नसून फरकाचा असतो, म्हणून ही मर्यादा सहसा पुरते. वकील लागत नाही. समोरच्या ड्रायव्हरची चूक असेल तर दावा त्या ड्रायव्हरवर लावायचा असतो, त्याच्या कंपनीवर नाही.

समोरच्याच्या कंपनीकडून पैसे घेताना एका कागदाकडे डोळ्यांत तेल घालून बघा: ‘रिलीज’. त्यावर सही म्हणजे विषय बंद. त्यात फक्त गाडीच्या नुकसानीचा उल्लेख आहे ना, तुमच्या मानदुखीचा दावाही त्यात गुंडाळलेला नाही ना, हे सहीआधी पाहायचं.

कर्ज आणि भाड्याची गाडी

गाडीवर कर्ज असेल तर चेक आधी बँकेकडे जातो, उरलेले तुमच्याकडे. वाद चालू असताना हप्ते थांबवू नका. गाडी नसताना हप्ता भरणं जिवावर येतं, पण चुकलेला हप्ता क्रेडिट स्कोअरवर बसतो आणि नवीन आलेल्या माणसाचा तो आधीच कोवळा असतो. कर्ज किमतीपेक्षा जास्त असेल तर फरक तुम्हालाच भरावा लागतो, ‘गॅप’ कव्हर घेतलं असेल तर ते भरतं. डीलरकडे सह्या केलेल्या गठ्ठ्यात बघा, पुष्कळांनी ते नकळत घेतलेलं असतं.

भाड्याची गाडी कंपनी आपली पहिली ऑफर दिल्यावर काही दिवसांतच बंद करते, आणि घाईघाईने होकार येतो तो बहुतेक यामुळेच. म्हणून रिपोर्ट त्याच दिवशी मागा, ईमेल दोन-तीन दिवसांत पाठवा, आणि जमलं तर दोन आठवडे एखाद्या मित्राची गाडी किंवा ऑफिसचं कारपूल बघून ठेवा. भाड्याचे दिवस मोजत घासाघीस करणाऱ्याच्या आवाजातली घाई पलीकडच्याला लगेच कळते.

गाडी स्वतःकडेच ठेवायचा पर्याय कंपनी देते. भंगाराची किंमत कापून बाकी पैसे मिळतात आणि टायटल ‘सॅल्व्हेज’ होतं. ओळखीचा मेकॅनिक आणि हौस दोन्ही असल्याशिवाय नवीन माणसाने त्यात पडू नये. पुढे ती विकताना आणि पूर्ण विमा घेताना जीव मेटाकुटीला येतो.

रक्कम ठरली की सह्या, टायटल आणि दोन्ही चाव्या कुरियरने जातात. त्याच आठवड्यात उरकायची बारीक कामं: एक्स्टेंडेड वॉरंटी किंवा प्रीपेड मेंटेनन्स घेतलं होतं तर ते रद्द करून उरलेल्या मुदतीचे पैसे मागा, हे पैसे आपणहून कोणी पाठवत नाही. गाडीच्या स्क्रीनवरून फोनचे कॉन्टॅक्ट आणि घराचा पत्ता पुसता आला नसेल तर निदान गाडीचं अ‍ॅप तुमच्या खात्यातून काढा. ई-झेडपासच्या खात्यातून जुनी नंबर प्लेट काढा. न्यू जर्सीत प्लेट मोटर व्हेइकल कमिशनला परत केल्याशिवाय विमा बंद करू नका. आणि लगेच दुसरी गाडी घेणार असाल तर पॉलिसी रद्द न करता तीच नव्या गाडीवर फिरवून घ्या.